मेंढपाळ डेव्हिड हा बाप नसेल, तर मग कोण? (स्कॉटलंड, १८४८)

टे_काठची

नमस्कार मंडळी,

मी मूळची साताऱ्याची, गेली एकोणीस वर्षं डंडीत राहते. प्रश्न माझ्या सासूबाईंच्या माहेरचा आहे. त्या सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत, बुद्धी लख्ख आहे, आणि त्यांना मरणाआधी एकच गोष्ट कळायला हवी आहे: आपल्या पणजोबांचा बाप कोण होता. गेल्या हिवाळ्यात त्यांनी पहिल्यांदा हा विषय माझ्याकडे काढला. त्यांचे आजोबा म्हणायचे, "हे आडनाव आपण मागून आणलंय." त्यापुढे कुणी काही बोलत नसे. लहानपणी त्यांनी एकदा विचारलं, तर आजी उठून चहा टाकायला गेली.

माझ्या हाती काय लागलंय ते सविस्तर लिहिते. माणसं गेलेली असली तरी घराणं हयात आहे, म्हणून आडनावांऐवजी अक्षरं वापरते.

पणजोबा अलेक्झांडर. वारले नोव्हेंबर १९०३ मधे, इथंच डंडीत, वय ५५, तागाच्या गिरणीत कामाला. स्कॉटलंडच्या मृत्यूच्या नोंदीत आई आणि बाप दोघांची नावं लिहितात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार अप्रूप वाटलं होतं, कारण इंग्लंडच्या त्या काळच्या मृत्यूच्या नोंदीत यातलं काहीच नसतं. तर अलेक्झांडरच्या नोंदीत बापाच्या जागी शाईची एक आडवी रेघ आहे. जाड, दोनदा ओढल्यासारखी. तिच्याखाली: "इझाबेला क, घरकाम (मृत), नंतर विवाह डेव्हिड म, मेंढपाळ (मृत)". माहिती देणारी त्यांची बायको. तिला लिहिता येत नव्हतं, सहीच्या जागी फुली आहे.

लग्नाची नोंद ३१ डिसेंबर १८७२ ची. (इथं तेव्हा नाताळची सुट्टी नसायची, नववर्षाची असायची, म्हणून कष्टकऱ्यांची बरीच लग्नं वर्षाच्या शेवटच्या दिवशी लागत.) वय २४. आणि इथं बापाच्या जागी रेघ नाही, चक्क "डेव्हिड म, मेंढपाळ" आहे. आई "इझाबेला म, माहेरचं क".

आता खानेसुमारी. ३० मार्च १८५१ च्या रात्री अलेक्झांडर क, वय ३, 'नातू' म्हणून आजोबांच्या घरात आहे, अँगसच्या डोंगराळ भागात, लिन्ट्रेथन पॅरिशमधे (पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख). आई त्या घरात नाही. १८६१ मधे तो आई आणि डेव्हिडजवळ आहे, वय १३, 'मुलगा' म्हणून, आणि आडनाव म. म्हणजे आडनाव तेव्हाच मागून आणलं.

१८४७-४८ ची बाप्तिस्म्याची नोंद क आडनावानं कुठंही सापडत नाही. लिन्ट्रेथन, किरिम्यूर, एअरली, ग्लेनआयला, सगळ्या पॅरिशच्या सूच्या पाहिल्या. म आडनावानं मात्र एक अलेक्झांडर सापडतो, १८४८ चा, शेजारच्या पर्थशायरमधला, आई-बाप दोघंही व्यवस्थित लिहिलेले. इंटरनेटवर चार जणांनी आपापल्या वंशवृक्षात तोच उचलून ठेवलाय. मला तो आपला वाटत नाही, पण 'वाटत नाही' म्हणजे पुरावा नव्हे.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, डेव्हिडच बाप असणार. आधी मूल झालं, मग लग्न केलं, यात त्या काळी नवल नव्हतं. सासूबाईंना ते पटत नाही. मला दोघांपैकी कुणाची बाजू घ्यायची नाही, मला खरं काय ते हवंय. पुढं कुठं शोधू?

---

जुनं_दप्तर

ताई, प्रश्न इतका नीट मांडलात की अर्धं काम झालंय. मी कोल्हापूरला भूमी अभिलेख खात्यात बत्तीस वर्षं काढली. आता लेकीकडे एडिंबरात असतो, आणि प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला जनरल रजिस्टर हाउस म्हणून जुनी इमारत आहे, तिथं आठवड्यातून एक दिवस जाऊन बसतो. सातबारा वाचून तयार झालेल्या डोळ्यांना ही दप्तरं परकी वाटत नाहीत. फेरफाराला जसा खबर देणारा महत्त्वाचा, तसाच इथंही: नोंद काय सांगते याआधी ती कुणी सांगितली ते बघायचं.

लग्नाच्या वेळी बापाचं नाव सांगितलं ते स्वतः नवरदेवानं, सासऱ्यासमोर, पाद्र्यासमोर. तिथं तो 'डेव्हिड' म्हणणारच. एकतीस वर्षांनी बायकोनं सांगितलं तेव्हा तिला लपवायचं कारण उरलं नव्हतं. आणि तिनं काय सांगितलं बघा: "नंतर विवाह डेव्हिड म". या दोन शब्दांवर माझा सगळा भर आहे. डेव्हिड जर खरोखर बाप असता, तर आई-बापांनी पुढं लग्न केल्यामुळे स्कॉटलंडच्या कायद्यानं अलेक्झांडर औरस ठरला असता. हा नियम स्कॉटलंडमधे फार जुना आहे. इंग्लंडला तो १९२६ साली आला. मग बापाच्या जागी डेव्हिडचं नाव सरळ लिहिलं गेलं असतं, रेघ ओढायची गरजच नव्हती. "नंतर विवाह" हा शब्दप्रयोग निबंधक करतो तो आईचा नवरा हा मुलाचा बाप नाही अशा वेळी. तुमच्या सासूबाईंचा कौल बरोबर दिसतोय.

पण एका नोंदीवर थांबायचं नाही. दोन गोष्टी आधी करा.

पहिली: इझाबेला आणि डेव्हिडचं एखादं मूल १८५५ साली जन्मलं का ते बघा. या देशात सरकारी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, आणि त्या पहिल्या वर्षी नमुन्यात इतके रकाने होते की लिहिणारे टेकीला आले. जन्माच्या नोंदीत आई-बापाचं वय, त्यांची जन्मगावं, लग्न कधी नि कुठं झालं, आणि आधीची मुलं किती, हयात किती, मेलेली किती, एवढं सगळं. पुढच्याच वर्षी त्यातलं बरंचसं काढून टाकलं. लग्नाची तारीख १८६१ पासून परत आली, बाकीचं गेलं ते गेलंच. म्हणून ज्याच्या घराण्यात १८५५ चं मूल आहे त्याचं नशीब. आपल्या माणसाचं नसलं तरी भावंडाचं चालतं. आधीच्या मुलांच्या रकान्यात अलेक्झांडर धरलाय की नाही, ते बघायचं.

दुसरी: अलेक्झांडरच्या मुलांची नावं क्रमानं इथं लिहा. तुमच्या-माझ्याकडे थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवतात ना, तशीच इथं रीत होती, आणि आपल्यापेक्षा जास्त बांधीव. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या, तिसरा स्वतः बापाच्या. मुलींत पहिली आईच्या आईच्या नावाची, दुसरी बापाच्या आईच्या, तिसरी आईच्या. सगळेच पाळत नसत, पण पाळली असेल तर ती नावं बोलतात.

पर्थशायरच्या त्या दुसऱ्या अलेक्झांडरचा निकालही आत्ताच लावून टाका. त्याला १८६१ च्या खानेसुमारीत शोधा. खानेसुमारी एकाच रात्रीची, ७ एप्रिलची. त्या रात्री तो त्याच्या आई-बापांजवळ असेल आणि तुमचा अँगसमधे डेव्हिडच्या घरी असेल, तर दोन माणसं वेगळी हे सिद्ध झालं. चार जणांनी उचललं म्हणून चार पुरावे होत नाहीत. बहुतेक वेळा एकानं चूक केलेली असते आणि तिघांनी ती उतरवून घेतलेली असते.

आता बापाचं नाव कुठं मिळेल ते. स्कॉटलंडमधे प्रत्येक पॅरिशच्या चर्चची एक पंचसभा असे, तिला कर्क सेशन म्हणतात. पाद्री अध्यक्ष आणि गावातले वडीलधारे पंच. लग्नाशिवाय मूल झालं की बाईला या सभेपुढं बोलावत आणि पहिला प्रश्न एकच: बाप कोण? तिनं नाव सांगितलं की त्यालाही बोलावत. तो दुसऱ्या पॅरिशला निघून गेला असेल तर तिथल्या पाद्र्याला पत्र जाई. कबुली होईपर्यंत मुलाचा बाप्तिस्मा अडवून धरत. हे सगळं कारकून वहीत लिहून ठेवी. कवी रॉबर्ट बर्न्सलासुद्धा मॉखलिनच्या चर्चमधे असंच सगळ्यांदेखत उभं राहावं लागलं होतं.

या वह्या नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहेत आणि स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर त्यांची पानं घरबसल्या फुकट बघता येतात. जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या प्रतिमांना पैसे पडतात, यांना नाही. अडचण एवढीच की नावांची सूची नाही. पान न् पान वाचावं लागतं.

आणि तुम्हाला बाप्तिस्मा का सापडत नाही, याचं कारणही मला दिसतंय. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडचं चर्च उभं फुटलं. साडेचारशेच्या वर पाद्री एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. त्यांच्याबरोबर गावंच्या गावं गेली. तुम्ही ज्या जुन्या पॅरिश वह्या बघताय त्या प्रस्थापित चर्चच्या. इझाबेलाचं घर फ्री चर्चमधे गेलेलं असेल तर १८४८ चं मूल त्यांच्या वहीत असायचं कारणच नाही. दप्तरात सीएच२ या खुणेखाली प्रस्थापित चर्चच्या वह्या आहेत, फ्री चर्चच्या सीएच३ खाली. तुम्ही सीएच३ उघडा.

सेशनमधे नाही मिळालं तर शेरीफ कोर्ट. मुलाच्या पोटगीसाठी बाई बापावर दावा लावू शके. स्कॉटिश इंडेक्सेस या संकेतस्थळावर अशा पितृत्वाच्या निकालांची सूची फुकट आहे. सगळी कोर्टं त्यात नाहीत, पण शोध पाच मिनिटांचा. त्यानंतर १८४५ च्या कायद्यानं आलेली गरीब-मदतीची मंडळं. मदत मागायला आलेल्या बाईला तीही बापाचं नाव विचारत.

एक सांगतो. कुणाला यात कमीपणा वाटायचं कारण नाही. ईशान्य स्कॉटलंडच्या शेतीवाडीत ही गोष्ट घरोघरी होती. रॅम्से मॅक्डोनाल्ड हे नाव आपल्याकडे पुणे करारामुळे माहीत आहे. १९३२ चा जातीय निवाडा देणारे ब्रिटनचे पंतप्रधान. ते १८६६ साली लॉसीमाउथला जन्मले, आई घरकाम करणारी, बाप शेतावरचा गडी, लग्न नाही. जन्मनोंदीत नाव 'जेम्स मॅक्डोनाल्ड रॅम्से' असं आहे, आईच्या आडनावानं. १९१५ मधे विरोधकांनी ती नोंद लंडनच्या एका साप्ताहिकात छापली, त्यांना खाली बघायला लावण्यासाठी. पुढं तोच माणूस पंतप्रधान झाला.

---

मोडीप्रेमी

दप्तरकाका, हे वाचून त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आठवल्या. आमच्या खापरपणजोबांची सही तिथं मिळाली होती, सोबत भावांची नावं, मुलांची नावं, गाव. पण त्या वह्यांत बायकांच्या माहेरचं आडनाव आम्हाला कुठंच दिसलं नाही. चार पिढ्या मागच्या आजीचं माहेर कोणतं, हे आम्हाला आजही माहीत नाही. आणि इथं तागाच्या गिरणीतल्या मजुराच्या मृत्यूच्या नोंदीत त्याच्या आईचं माहेर लिहिलंय. हेवा वाटला.

---

टे_काठची

काका, तुम्ही सांगितलेल्या तीन गोष्टी करून आज लिहिते आहे.

१८५५ चं मूल आहे! मुलगी, सप्टेंबर १८५५. आई इझाबेला, वय २७, जन्म किरिम्यूर. लग्न डिसेंबर १८५२, लिन्ट्रेथन. आणि आधीच्या मुलांच्या रकान्यात: एक मुलगी, हयात. बस. मुलगा नाहीच. तेव्हा अलेक्झांडर सात वर्षांचा होता आणि जिवंत होता. ही माहिती खुद्द डेव्हिडनं दिलीय, सही त्याची आहे. त्यानं अलेक्झांडरला आपल्या मुलांत धरलं नाही, पण सहा वर्षांनी खानेसुमारीला स्वतःचं आडनाव देऊन 'मुलगा' म्हणून लिहिलं. मला त्या माणसाबद्दल काय वाटलं ते सांगता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "देन ही वॉज अ डीसेंट मॅन." नवऱ्यानं त्याचं म्हणणं मागे घेतलंय.

पर्थशायरचा अलेक्झांडर ७ एप्रिल १८६१ ला त्याच्या आई-बापांच्या घरात आहे, चार बहिणींसकट. तो विषय संपला. त्या चौघांना मी निरोप पाठवला. एकीनं लगेच दुरुस्ती केली आणि आभार मानले.

मुलांची नावं क्रमानं: चार्ल्स (१८७३), जेम्स (१८७५, हे सासूबाईंचे आजोबा), अलेक्झांडर. मुली: मार्गारेट, इझाबेला. अलेक्झांडरच्या सासऱ्याचं नाव जेम्स होतं, सासूचं मार्गारेट. म्हणजे दुसरा मुलगा, तिसरा मुलगा, पहिली मुलगी, दुसरी मुलगी, सगळं तुम्ही सांगितलेल्या रितीला धरून. मग पहिला मुलगा चार्ल्स कुणाच्या नावाचा? क घराण्यात चार्ल्स नाही, म घराण्यात नाही, सासरच्यांत नाही. मी तीन पिढ्या तपासल्या.

रात्री दोन वाजता हे लक्षात आलं आणि मग झोप लागली नाही. त्याला माहीत होतं. अलेक्झांडरला आपल्या बापाचं नाव माहीत होतं, आणि तोंडानं कधी न सांगता त्यानं ते आपल्या थोरल्या मुलाला ठेवलं.

आता फ्री चर्चच्या वह्या काढते.

---

जुनं_दप्तर

शाब्बास ताई. आता चार्ल्स हे नाव डोक्यात ठेवा, पण वही वाचताना फक्त तेच शोधू नका. इझाबेला शोधा. नाहीतर पहिला दिसेल तो चार्ल्स आपला वाटू लागतो.

आणखी एक. अलेक्झांडरचं वय चारही नोंदींत जुळतंय, ही चांगली खूण आहे. जन्म १८४८ च्या जानेवारीपासून मार्चअखेरीपर्यंत कधीतरी. शेतावरचे गडी आणि मोलकरणी सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर राहत, मे आणि नोव्हेंबरात मुदत संपे आणि माणसं शेत बदलत. त्यामुळे बाळ जन्मेपर्यंत बाप आणि आई एकाच पॅरिशमधे असतीलच असं नाही. आईचं गाव, ती कामाला होती ते गाव आणि बाप गेला ते गाव, तिन्हीकडच्या वह्यांत धागा असू शकतो.

---

गुणसूत्र_पुणे

मी प्रयोगशाळेत काम करते, म्हणून डीएनएबद्दल लिहिते. कागद आणि रक्त दोन्ही एकाच बाजूनं बोलले की शंका उरत नाही.

चाचणी तुमच्या नवऱ्याची करू नका, सासूबाईंची करा, आणि लवकर करा. दर पिढीला वारसा निम्मा होतो. त्यांच्यात अलेक्झांडरचा वाटा सरासरी साडेबारा टक्के आहे, त्या अज्ञात बापाचा सव्वासहा. तुमच्या नवऱ्यात तो आणखी अर्धा. त्या चार्ल्सला पुढं लग्नाची मुलं झाली असतील तर त्यांचे वंशज आणि सासूबाई सावत्र नात्यानं बरेच लांबचे भाऊ-बहीण लागतात. एवढ्या लांबच्या नात्यात काही जोड्यांत जुळणी दिसतच नाही, म्हणून एखादा वंशज जुळला नाही यावरून निष्कर्ष काढू नका. सासूबाईंची भावंडं हयात असतील तर त्यांचीही चाचणी उपयोगाची, कारण प्रत्येकात वेगवेगळे तुकडे उतरतात.

दुसरा मार्ग वाय गुणसूत्राचा. ते बापाकडून मुलाला जवळजवळ जसंच्या तसं जातं. सासूबाईंकडे ते नाही, पण त्यांच्या भावाकडे किंवा भावाच्या मुलाकडे आहे: अज्ञात बाप, अलेक्झांडर, जेम्स, सासूबाईंचे वडील, भाऊ, सरळ पुरुषांची साखळी. त्या चाचणीत एकाच आडनावाची माणसं जुळू लागली तर ते आडनाव त्या अज्ञात बापाचं असण्याची शक्यता मोठी.

आणि आधी घरात बोलून घ्या. चाचणीत जे विचारलं नव्हतं तेही कधी कधी बाहेर येतं. सासूबाईंना हे समजावून, त्यांची राजीखुशी असेल तरच.

---

गिरगावकर

जरा वेगळं विचारतो. आमच्या पणजीचे वडील स्कॉटिश होते, मुंबईच्या फौजेत, पुण्याच्या छावणीत. घरात एवढंच माहीत आहे. मीही स्कॉटलंड्सपीपलवरच शोधू का?

---

जुनं_दप्तर

गिरगावकर, तुम्ही आधी लंडनला. कंपनीच्या आणि नंतरच्या राजवटीत हिंदुस्थानातल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींच्या प्रती विलायतेला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. मुंबई इलाख्याची खूण एन/३. तुमच्या मुंबईत फोर्टातलं सेंट अँड्र्यूज चर्च हे स्कॉट लोकांचं, १८१९ चं, तेव्हा स्कॉटिश लग्न तिथलंही असू शकतं. माणूस अधिकारी असेल तर १८६० पर्यंतच्या कॅडेटच्या अर्जांना बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असे, त्यात आई-बाप मिळतात. साधा शिपाई असेल तर भरतीच्या नोंदीत जन्माची पॅरिश मिळेल, बापाचं नाव बहुतेक नाही. पॅरिश कळली की मग स्कॉटलंड्सपीपल. वेगळा धागा काढा, तिथं लिहितो.

---

टे_काठची

मंडळी, सहा आठवड्यांनी लिहिते आहे.

लिन्ट्रेथनच्या आसपासच्या फ्री चर्चच्या सेशनच्या वह्या वाचत गेले. रोज रात्री जेवणं झाल्यावर दहा-पंधरा पानं. कारकुनाचं अक्षर पहिल्या दोन रात्री नुसतं गवत वाटलं. मग एकेक शब्द सुटा होऊ लागला. छपराची दुरुस्ती, गरिबांना कोळसा, कुणाला दारूबद्दल ताकीद. 'कंपिअर्ड' हा शब्द आला की मी थांबायचे, कारण कुणी सभेपुढं हजर झालं की कारकून तिथून सुरुवात करतो.

तिसऱ्या वहीत, एप्रिल १८४८: "कंपिअर्ड इझाबेला क, अविवाहित." लिन्ट्रेथनचीच. फेब्रुवारीत मुलगा झाल्याचं तिनं कबूल केलं. बापाचं नाव विचारलं. तिनं सांगितलं: चार्ल्स त, अमुक शेतावर तिच्याबरोबर कामाला असलेला गडी, गेल्या मेअखेरीस शेत सोडून दुसऱ्या पॅरिशला गेला. सभेनं तिथल्या पाद्र्याला पत्र लिहायचं ठरवलं. जूनमधे उत्तर आल्याची नोंद आहे: चार्ल्सनं कबूल केलं. मग इझाबेलाला समज देऊन परत चर्चमधे घेतलं आणि मुलाच्या बाप्तिस्म्याला परवानगी दिली. चार्ल्सला या सभेपुढं कधीच यावं लागलं नाही.

पान मी छापून नेलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या. मला वाटलं, त्या आधी आडनाव विचारतील. त्यांनी विचारलं, "तिचं वय काय होतं?" मी म्हटलं, वीस. "आणि सभेत सगळे पुरुष?" मी हो म्हटलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तिचं नाव परत एकदा वाच. मी वाचलं. चार्ल्सचं नाव त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं नाही.

त्यांची चाचणी झालीय, लाळेची नळी मंगळवारी टपालात टाकली. पर्थला त्यांच्या दिवंगत भावाचा मुलगा असतो, तोही वाय चाचणीला तयार झाला, त्याला हे काहीच माहीत नव्हतं, फोनवर दोनदा "खरंच?" म्हणाला.

आता दप्तरकाका, पुढचा प्रश्न. १८५१ च्या खानेसुमारीत त्या दुसऱ्या पॅरिशमधे चार्ल्स त दोन सापडतात. एक २४ वर्षांचा नांगऱ्या, बायको आणि तान्ह्या मुलासकट. दुसरा २९ वर्षांचा, अविवाहित, एका शेतावर गडी म्हणून, जन्म लिन्ट्रेथन. सेशनच्या नोंदीत वय नाही. माझं मन दुसऱ्याकडे ओढ घेतंय, ते लिन्ट्रेथनमुळे, आणि म्हणूनच मी थांबलेय. १८५५ नंतर हे दोघं मेले असतील तर दोघांच्याही मृत्यूच्या नोंदी काढू का, की आधी त्या पॅरिशच्या सेशनची १८४८ ची वही? पत्र त्यांच्याकडे गेलं होतं, तर ते आल्याची नोंद त्यांनीही केली असेल ना?

---

जुनं_दप्तर

वही आधी. नक्की केली असणार, आणि कबुली त्यांच्यासमोर झाली म्हणजे तो कोणत्या शेतावर होता ते तिथं लिहिलेलं असेल. त्या शेताचं नाव मिळालं की दोघांतला एक आपोआप गळेल. मी गुरुवारी रजिस्टर हाउसला आहे. पॅरिशचं नाव मला खासगी निरोपात पाठवा. फ्री चर्चची वही तुम्ही घ्या, प्रस्थापित चर्चची मी वाचतो. चार्ल्स कोणत्या चर्चचा होता हे आपल्याला अजून कुठं ठाऊक आहे.